हरवलेले शिल्प आणि संग्रहालयातील नोंद : एडमोनिया ल्युइस यांच्या ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ या कृतीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वस्तुसंग्रहालयातील प्रत्येक कलाकृतीजवळ एक लहान पाटी लावलेली असते. कलावंताचे नाव, त्याच्या जन्म-मृत्यूची वर्षे, कृतीचे शीर्षक, निर्मितीचे वर्ष, माध्यम, देणगीदाराचा उल्लेख आणि संग्रह क्रमांक एवढाच मजकूर तिच्यावर असतो. सर्वसामान्य प्रेक्षकाला ही माहिती स्वयंसिद्ध वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या पाटीकडे एखाद्या दीर्घ संशोधनाचा तात्पुरता निष्कर्ष म्हणून पाहणे आवश्यक आहे. तिच्यावरील प्रत्येक शब्दामागे कोणीतरी शोधलेले एखादे कागदपत्र, तपासलेली एखादी नोंद किंवा फेटाळलेली एखादी दंतकथा असते. नवे साधन हाती आले की पाटीवरील मजकूरही बदलतो.

वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम या संग्रहालयात ‘द डेथ ऑफ क्लिओपात्रा’, अर्थात ‘क्लिओपात्राचा मृत्यू’, हे संगमरवरी शिल्प आहे. शिल्पकार एडमोनिया ल्युइस, निर्मिती १८७६, संग्रह क्रमांक १९९४.१७ अशी त्याची नोंद आहे. निर्मितीचे वर्ष आणि संग्रहात दाखल झाल्याचे वर्ष यांत ११८ वर्षांचे अंतर आहे. या काळाचा मोठा भाग हे शिल्प कलाजगताच्या दृष्टीने नाहीसे झालेले होते. ते कसे हरवले, कसे सापडले आणि त्याची नोंद कशी सिद्ध झाली, याचा अभ्यास केल्यास संग्रहालयीन संशोधनाची पद्धती आणि तिच्या मर्यादा या दोहोंवर प्रकाश पडतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ या शिल्पाच्या निर्मितीपासून संग्रहालयात दाखल होण्यापर्यंतच्या प्रवासाचा मागोवा घेणे.
२) अमेरिकन कलावंत व कलाकृती यांच्या संशोधनासाठी उभारण्यात आलेल्या सूची व अभिलेखागारांचे कार्य समजून घेणे.
३) कलाकृती टिकणे आणि कलावंताची कागदपत्रे टिकणे यांतील परस्परसंबंध तपासणे.

कलावंताचा जीवनपट आणि साधनांची उणीव

एडमोनिया ल्युइस यांचा जन्म सुमारे १८४४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनबुश येथे झाला. त्यांचे वडील आफ्रिकन वंशाचे, तर आई मिसिसागा ओजिब्वे या मूलनिवासी समाजाशी नाते असलेली होती. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यानंतर त्या आईच्या नातलगांत वाढल्या. नायगारा धबधब्याच्या परिसरात टोपल्या, चामडी पादत्राणे यांसारख्या वस्तू तयार करून पर्यटकांना विकणे हा या नातलगांचा व्यवसाय होता. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधात यश मिळालेल्या त्यांच्या सावत्र भावाने त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १८५९ मध्ये त्यांनी ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयात प्रवेश घेतला. कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि स्त्रिया या दोघांनाही प्रवेश देणाऱ्या अमेरिकेतील पहिल्या काही महाविद्यालयांत ओबर्लिनची गणना होते.

अशा उदारमतवादी वातावरणातही १८६२ मध्ये ल्युइस यांच्यावर दोन सहविद्यार्थिनींना मद्यातून विष दिल्याचा आरोप ठेवण्यात आला. खटला उभा राहण्यापूर्वीच अज्ञात हल्लेखोरांनी त्यांना पळवून नेऊन बेदम मारहाण केली व थंडीत उघड्यावर टाकून दिले. कृष्णवर्णीय वकील जॉन मर्सर लँग्स्टन यांनी त्यांचा बचाव केला आणि पुराव्याअभावी त्या आरोपमुक्त झाल्या. पुढे कलासाहित्य चोरल्याचाही आळ त्यांच्यावर आला आणि पदवी न घेताच त्यांना महाविद्यालय सोडावे लागले. ओबर्लिनने त्यांना मरणोत्तर पदवी दिली ती २०२२ मध्ये.

यानंतर त्या बोस्टनला गेल्या आणि एडवर्ड ब्रॅकेट या शिल्पकाराच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम सुरू केले. गुलामगिरीविरोधी चळवळीचे बोस्टन हे प्रमुख केंद्र होते. कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे नेतृत्व करताना १८६३ मध्ये धारातीर्थी पडलेले कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ यांचा अर्धपुतळा त्यांनी १८६४ मध्ये घडवला. त्याच्या प्लॅस्टरच्या प्रती विकून मिळालेल्या पैशांतून त्यांनी १८६५ मध्ये युरोपचा प्रवास केला आणि १८६६ च्या आरंभी रोममध्ये कार्यशाळा थाटली.

एवढा जीवनपट आज निश्चितपणे सांगता येतो. परंतु तो ल्युइस यांच्या स्वतःच्या कागदपत्रांतून मिळालेला नाही. त्यांचा पत्रसंग्रह, हिशेबाच्या वह्या, रोजनिशी असे कोणतेही एकत्रित दप्तर उपलब्ध नाही. त्यांच्याविषयीची माहिती प्रामुख्याने इतरांच्या दप्तरांत विखुरलेली आहे. लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांचा पत्रव्यवहार, शिल्पकार अ‍ॅन व्हिटनी यांनी रोमहून घरी लिहिलेली आणि आता वेल्स्ली महाविद्यालयात जतन केलेली पत्रे, महाविद्यालयाच्या नोंदी, पारपत्राचे अर्ज, जनगणनेचे तक्ते आणि वृत्तपत्रांतील वार्ता यांतून हा जीवनपट जुळवावा लागला आहे. चाइल्ड या त्यांच्या हितचिंतक असल्या तरी त्यांच्या पत्रांत पालकत्वाचा आणि उपदेशाचा सूर आहे. कोणी मागणी केलेली नसताना महागड्या संगमरवरात काम सुरू करण्याचे ल्युइस यांचे धाडस त्यांना मान्य नव्हते. म्हणजेच या पत्रांचे वाचन करताना लिहिणाऱ्याचा दृष्टिकोन वेगळा काढावा लागतो.

स्वतः ल्युइस यांनी दिलेली माहितीही चिकित्सेशिवाय स्वीकारता येत नाही. वेगवेगळ्या प्रसंगी त्यांनी आपली जन्मवर्षे वेगवेगळी सांगितली. अरण्यात वाढलेली मुलगी अशी स्वतःची प्रतिमा त्यांनी मुलाखतकारांसमोर उभी केली. अशा विधानांना केवळ असत्य म्हणून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही. श्वेतवर्णीय ग्राहकांच्या कुतूहलावर ज्यांचा चरितार्थ अवलंबून होता, अशा कलावंताची ती व्यावसायिक गरज होती. इतिहासलेखनातील अंतर्गत परीक्षणाच्या नियमानुसार ही विधाने जन्मवर्षाचा पुरावा म्हणून दुबळी असली, तरी तत्कालीन कलाबाजारपेठेचा पुरावा म्हणून ती महत्त्वाची आहेत.

रोममधील कार्यपद्धती आणि कृतींचे कालनिर्धारण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक अमेरिकन शिल्पकार रोममध्ये स्थायिक झाले होते. उत्तम संगमरवर, कुशल कारागीर आणि प्राचीन शिल्पांचे सान्निध्य ही त्यामागील कारणे होती. नवअभिजात शैलीतील शिल्पनिर्मितीचे तीन टप्पे असत. शिल्पकार प्रथम मातीत नमुना घडवी. त्यावरून प्लॅस्टरची प्रत काढली जाई. नंतर मापे घेण्याच्या साधनांच्या साहाय्याने कारागीर ती संगमरवरात उतरवीत. एकाच नमुन्यावरून मागणीनुसार अनेक संगमरवरी प्रती तयार होऊ शकत.

या पद्धतीमुळे संग्रहालयातील नोंदीत काही वेळा दोन वर्षे आढळतात. स्मिथसोनियनच्या संग्रहातील ल्युइस यांचे ‘ओल्ड अ‍ॅरो मेकर’ हे शिल्प १८६६ मध्ये मातीत घडले आणि १८७२ मध्ये संगमरवरात कोरले गेले, अशी त्याची नोंद आहे. कल्पनेचे वर्ष आणि वस्तूचे वर्ष यांत फरक न केल्यास कलावंताच्या विकासक्रमाविषयी चुकीचे निष्कर्ष निघू शकतात.

कारागिरांच्या सहभागामुळे स्त्री शिल्पकारांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहिला. हॅरिएट हॉस्मर यांचे ‘झेनोबिया’ हे शिल्प प्रत्यक्षात इटालियन कारागिरांनी घडवले, असा आरोप १८६३ मध्ये इंग्लंडमधील नियतकालिकांतून करण्यात आला होता. हॉस्मर यांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. हीच कार्यपद्धती अनुसरणाऱ्या पुरुष शिल्पकारांवर अशी शंका सहसा घेतली जात नसे. ल्युइस यांनी संगमरवर कोरण्याचे बरेचसे काम स्वतःच्या हाताने करण्याचा आग्रह धरला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. कारागिरांचे वेतन परवडत नसणे हेही त्यामागचे एक कारण होते.

१८७६ चे प्रदर्शन

अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फिया येथे १० मे ते १० नोव्हेंबर १८७६ या काळात भव्य प्रदर्शन भरले. त्यातील कलाविभागात ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ मांडण्यात आले. सुमारे १६० सेंटिमीटर उंचीच्या या शिल्पाचे वजन १,३०० किलोग्रॅमहून अधिक आहे. सिंहासनावर बसलेली इजिप्तची राणी नुकतीच मरण पावली आहे. मान एका बाजूला कलंडली आहे, डावा हात सिंहासनावरून खाली लोंबत आहे आणि उजव्या हातात विषारी सर्प आहे. सिंहासनाच्या दोन्ही हातांवर एकसारखी मानवी मुखे आहेत. अँटनीपासून झालेल्या जुळ्या अपत्यांचे ते सूचन मानले जाते. बाजूंवर कोरलेल्या चित्रलिपीला मात्र कोणताही अर्थ नाही.

त्या काळी क्लिओपात्रा हा शिल्पकारांचा आवडता विषय होता. तथापि बहुतेकांनी मृत्यूपूर्वीची, चिंतनात मग्न असलेली राणी दाखवली होती. ल्युइस यांनी मृत्यूची शारीरिक अवस्था दाखवण्याचे धाडस केले. समीक्षक विल्यम क्लार्क यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन शिल्पांवरील आपल्या ग्रंथात या कृतीची स्वतंत्र दखल घेतली. ती सुंदर नसली तरी अत्यंत मौलिक आहे. मात्र मृत्यूचे परिणाम तिच्यात इतक्या कौशल्याने दाखवले आहेत की ती पाहवत नाही, असा त्यांच्या अभिप्रायाचा आशय होता. शिल्प लक्षवेधी ठरले, पण त्याला ग्राहक मिळाला नाही.

याच प्रदर्शनात कृष्णवर्णीय चित्रकार एडवर्ड मिचेल बॅनिस्टर यांच्या ‘अंडर द ओक्स’ या निसर्गचित्राला पदक मिळाले. ते पदकप्राप्त चित्र आजतागायत सापडलेले नाही. राष्ट्रीय पातळीवरील गौरव ही कलाकृती टिकण्याची हमी ठरू शकत नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

दोन क्लिओपात्रा

कलाकृती का हरवते, या प्रश्नाचे उत्तर तौलनिक अभ्यासातून अधिक स्पष्ट होते. विल्यम वेटमोर स्टोरी हे रोममधील अमेरिकन शिल्पकारांत अग्रगण्य मानले जात. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश जोसेफ स्टोरी यांचे ते पुत्र होते आणि रोममधील बार्बेरिनी प्रासादात त्यांचे वास्तव्य होते. त्यांचे ‘क्लिओपात्रा’ हे शिल्प १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात गाजले. या शिल्पाची १८६९ मध्ये कोरलेली एक प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचे पहिले अध्यक्ष जॉन टेलर जॉन्स्टन यांच्या मालकीची होती. त्यांनी ती १८८८ मध्ये त्याच संग्रहालयाला भेट दिली. निर्मिती, प्रदर्शन, खरेदी आणि देणगी अशी या शिल्पाच्या मालकीची साखळी कोठेही तुटत नाही.

स्टोरी यांचे शिल्प मेट्रोपॉलिटनमध्ये दाखल झाले, तेव्हा ल्युइस यांची क्लिओपात्रा ग्राहकाविना शिकागोत पडून होती. या फरकाचे कारण केवळ कलात्मक गुणवत्तेत शोधता येणार नाही. स्टोरी यांच्यामागे कुटुंब, संपत्ती, ग्राहकवर्ग आणि जपून ठेवलेला पत्रव्यवहार होता. त्यांच्या निधनानंतर कादंबरीकार हेन्री जेम्स यांनी त्यांचे द्विखंडात्मक चरित्र लिहिले. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चरित्रात रोममधील अमेरिकन स्त्री शिल्पकारांचा उल्लेख येतो. तेथे ल्युइस यांचे नाव येत नाही; त्वचेच्या रंगावरून त्यांचा निर्देश होतो आणि त्यांच्या कीर्तीचे श्रेयही त्या रंगालाच दिले जाते. त्या वेळी ल्युइस हयात होत्या. नामोल्लेख टाळणारे असे लेखन पुढे दुय्यम साधन म्हणून वापरले जाते, तेव्हा कलावंताचे विस्मरण पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत राहते.

शिल्पाचा अज्ञातवास

१८७८ मध्ये शिकागो येथील औद्योगिक प्रदर्शनात हे शिल्प पुन्हा मांडले गेले. त्यानंतरचा त्याचा प्रवास कलेच्या इतिहासापेक्षा शहराच्या इतिहासाचाच भाग वाटतो. काही काळ ते शिकागोच्या क्लार्क स्ट्रीटवरील एका मद्यालयात होते. तेथून ते ‘ब्लाइंड जॉन’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या जॉन कॉन्डन या जुगारव्यावसायिकाच्या हाती आले. शिकागोजवळील फॉरेस्ट पार्क येथे त्याचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते. त्याच्या आवडत्या घोडीचे नाव क्लिओपात्रा होते. ती मेल्यावर तिच्या दफनस्थानी स्मृतिचिन्ह म्हणून त्याने हे शिल्प उभारले. ते तेथून हलवू नये, अशी अट त्याने जमिनीच्या व्यवहारात घातली होती, असे सांगितले जाते.

पुढे शर्यतीचे मैदान जाऊन तेथे गोल्फचे मैदान आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या जागी नौदलासाठी पाणतीर बनवणारा कारखाना उभा राहिला. १९७० च्या दशकात तेथे टपाल खात्याचे मोठे केंद्र बांधण्यात आले. जमिनीचा वापर बदलत गेला तरी शिल्प दीर्घकाळ तेथेच ऊन, पाऊस आणि बर्फ सोसत उभे राहिले. टपाल केंद्राच्या बांधकामाच्या वेळी ते सिसेरो येथील बांधकाम साहित्याच्या आवारात नेऊन टाकण्यात आले. १९८० च्या दशकात एका अग्निशमन निरीक्षकाच्या ते दृष्टीस पडले. शिल्पकार कोण याची कल्पना नसतानाही ही वस्तू मोलाची असावी, हे त्याने ओळखले. त्याच्या पुढाकाराने बालवीर पथकातील मुलांनी ते स्वच्छ करून रंगवले. त्यानंतर फॉरेस्ट पार्कच्या स्थानिक इतिहास मंडळाने १९८५ च्या सुमारास ते ताब्यात घेतले आणि एका बाजारसंकुलाच्या कोठारात ठेवले.

या प्रवासात कलेच्या एकाही संस्थेचा सहभाग नाही, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे. शिल्प टिकले ते घोडीवर जीव असलेल्या जुगारव्यावसायिकामुळे, अवजड दगड फोडण्यापेक्षा बाजूला ठेवणे पसंत करणाऱ्या बांधकाम मजुरांमुळे आणि सद्भावनेने रंग लावणाऱ्या मुलांमुळे. ज्या रंगाने त्याला जपण्याचा प्रयत्न झाला, तोच रंग पुढे संवर्धकांना काढावा लागला.

शोध आणि ओळख

शिल्प उपलब्ध असणे आणि ते ओळखले जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. ल्युइस यांच्या जीवनावर संशोधन करणाऱ्या मॅरिलिन रिचर्डसन या स्वतंत्र अभ्यासिका १९८० च्या दशकात या हरवलेल्या शिल्पाचा मागोवा घेत होत्या. वृत्तपत्रांतील त्रोटक उल्लेखांनी त्यांना शर्यतीच्या मैदानापर्यंत पोहोचवले. दुसरीकडे स्थानिक इतिहास मंडळ आपल्याकडील शिल्पाविषयी विचारणा करत होते. या दोन शोधांची गाठ पडली आणि १९८८ मध्ये रिचर्डसन यांनी कोठारातील ते शिल्प प्रत्यक्ष पाहून ओळखले. कागदोपत्री माग घेणारी अभ्यासिका आणि वस्तू जवळ बाळगणारे स्थानिक मंडळ यांपैकी कोणालाही एकट्याने हा प्रश्न पूर्णपणे सोडवता आला नसता.

१९९४ मध्ये फॉरेस्ट पार्कच्या इतिहास मंडळाने हे शिल्प स्मिथसोनियनच्या संग्रहालयाला भेट दिले. नाक, हनुवटी, एक हात व पादत्राणे यांची मोठी हानी झालेली होती. शास्त्रशुद्ध संवर्धनानंतर १९९६ मध्ये ते प्रेक्षकांसमोर मांडण्यात आले. फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनानंतर बरोबर १२० वर्षांनी त्याला राष्ट्रीय पातळीवरील व्यासपीठ लाभले.

संग्रह क्रमांक, सूची आणि अभिलेखागारे

संग्रह क्रमांक हेही एक ऐतिहासिक साधन आहे. १९९४.१७ या क्रमांकावरून शिल्प कोणत्या वर्षी दाखल झाले हे समजते. याच संग्रहालयातील ल्युइस यांच्या ‘हॅगर’ या १८७५ च्या शिल्पाचा क्रमांक १९८३.९५.१७८, तर ‘ओल्ड अ‍ॅरो मेकर’चा क्रमांक १९८३.९५.१७९ असा आहे. या दोन्ही कृती १९८३ मध्ये एकाच मोठ्या गटातून आल्याचे त्यावरून दिसते. या गटामागे वॉरेन रॉबिन्स यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या आफ्रिकन कलेच्या संग्रहालयाचा इतिहास आहे. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या वॉशिंग्टनमधील जुन्या निवासस्थानी सुरू झालेले हे संग्रहालय १९७९ मध्ये स्मिथसोनियनमध्ये समाविष्ट झाले आणि त्यातील कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांच्या कृती १९८३ मध्ये अमेरिकन कलेच्या संग्रहालयाकडे सोपवण्यात आल्या. मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांनी दीर्घकाळ न केलेले संकलन एका लहान संस्थेने केले होते, याची खूण या क्रमांकांत राहिली आहे.

संस्थेच्या नामांतराकडेही संशोधकाने लक्ष द्यावे लागते. १९३७ पासून ‘नॅशनल कलेक्शन ऑफ फाइन आर्ट्स’, १९८० पासून ‘नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन आर्ट’ आणि २००० पासून ‘स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम’ अशी या एकाच संस्थेची नावे आहेत. जुन्या ग्रंथांत एकच कृती तीन संस्थांत असल्याचा भास होतो, तो यामुळेच.

अमेरिकन कलेच्या संशोधनासाठी या संग्रहालयाने स्वतःच्या मालकीपलीकडे जाणारे कार्यही केले. १९७६ च्या द्विशताब्दीच्या निमित्ताने १९१४ पूर्वीच्या अमेरिकन चित्रांची देशव्यापी सूची तयार करण्याचे काम १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. १९८५ मध्ये शिल्पांची स्वतंत्र सूची हाती घेण्यात आली. सार्वजनिक व खासगी संग्रहांतील चार लाखांहून अधिक कृतींच्या नोंदी या सूचींत आहेत. त्यांत ठावठिकाणा न लागलेल्या कृतींनाही स्थान आहे, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. हरवलेल्या वस्तूची नोंद ठेवली तरच ती सापडल्यावर ओळखता येते. उघड्यावरील शिल्पांच्या पाहणीसाठी देशभरातील हजारो स्वयंसेवकांचे साहाय्य घेण्यात आले.

याला पूरक असे दुसरे साधन म्हणजे १९५४ मध्ये डेट्रॉइट येथे स्थापन झालेले ‘आर्काइव्हज ऑफ अमेरिकन आर्ट’. १९७० मध्ये ते स्मिथसोनियनचा भाग बनले. कलावंतांची पत्रे, रेखाटनवह्या, विक्रेत्यांचे हिशेब आणि मुलाखती असे दोन कोटींहून अधिक दस्तऐवज तेथे आहेत. मात्र ज्यांचे दप्तर कोणी जपले, त्यांचेच दप्तर अभिलेखागारात येऊ शकते. ल्युइस यांच्यासारख्या कलावंतांच्या बाबतीत न्यायालयीन नोंदी, दफनभूमीची नोंदपुस्तके आणि मालमत्तेचे दस्तऐवज अशा कलेशी थेट संबंध नसलेल्या साधनांकडे वळावेच लागते.

मृत्युवर्षाचा प्रश्न

याचे ठळक उदाहरण ल्युइस यांच्या मृत्युवर्षाचे आहे. विसाव्या शतकातील संदर्भग्रंथांत त्यांच्या मृत्यूची नोंद ‘१९११ नंतर’ अशी किंवा प्रश्नचिन्हासह आढळते. त्यांचे अखेरचे वास्तव्य रोममध्ये होते, असा समज त्यामागे होता. ब्रिटिश नोंदींच्या आधारे रिचर्डसन यांनी २०१०-११ च्या सुमारास दाखवून दिले की, ल्युइस यांचे निधन १७ सप्टेंबर १९०७ रोजी लंडन येथे झाले आणि केन्सल ग्रीन येथील सेंट मेरीज कॅथलिक दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. २०१७ मध्ये तेथे नवी शिळा बसवण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. ज्या खात्याच्या केंद्रासाठी त्यांचे शिल्प एकेकाळी हलवले गेले, त्याच खात्याने हा सन्मान करावा, हा केवळ योगायोग असला तरी तो नोंदवण्याजोगा आहे.

मृत्युवर्ष निश्चित होण्याने केवळ एक रकाना भरला असे नाही. ‘१९११ नंतर’ या शब्दांमुळे निर्माण होणारी गूढ, अदृश्य झालेल्या स्त्रीची प्रतिमा त्यामुळे मोडली. कलावंत नाहीशी झाली नव्हती. तिची नोंद शोधली गेली नव्हती.

अर्थनिर्णयाची मर्यादा

साधनांची उणीव असलेल्या कलावंतांच्या बाबतीत त्यांच्या कृतींनाच आत्मचरित्र मानण्याचा मोह होतो. ‘हॅगर’ ही परागंदा दासी म्हणजे स्वतः ल्युइस, मूलनिवासी बाणकर्ता म्हणजे त्यांचे मातृकुल, अशी समीकरणे अनेकदा मांडली गेली आहेत. कला-इतिहासकार कर्स्टन पाय ब्युइक यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रवृत्तीवर आक्षेप घेतला. ल्युइस यांचा वंश हीच त्यांच्या प्रत्येक कृतीची किल्ली मानल्यास त्यांची व्यावसायिक जाण आणि कलाविषयक निवड दुर्लक्षित राहते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

क्लिओपात्राच्या बाबतीत हा आक्षेप विशेष समर्पक ठरतो. स्टोरी या श्वेतवर्णीय शिल्पकाराने आपल्या क्लिओपात्राला आफ्रिकन चेहरेपट्टी दिली होती आणि गुलामगिरीच्या प्रश्नाशी तिचा संबंध जोडला गेला. याउलट ल्युइस यांची राणी प्राचीन नाण्यांवरील प्रतिमांना जवळची, उंच नाकाची आहे. कलावंताच्या वंशावरून कृतीचा अर्थ काढणारा सिद्धान्त येथे अपुरा पडतो.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) कलाकृतीचे टिकणे हे तिच्या गुणवत्तेपेक्षा ती ज्यांच्या हाती गेली त्या व्यक्ती व संस्थांवर अधिक अवलंबून असते. स्टोरी आणि ल्युइस यांच्या दोन क्लिओपात्रांचा भिन्न प्रवास हे त्याचे स्पष्ट उदाहरण आहे.
२) ज्या कलावंताचे स्वतःचे दप्तर नाही, त्याचा इतिहास इतरांच्या दप्तरांतून लिहावा लागतो, म्हणून लिहिणाऱ्याच्या भूमिकेची चिकित्सा येथे अधिक काटेकोरपणे करणे आवश्यक ठरते.
३) संग्रहालयातील नोंद अंतिम नसते. मृत्युवर्ष, मालकीची साखळी आणि अर्थनिर्णय हे तिन्ही घटक नव्या साधनांबरोबर बदलतात.
४) हरवलेल्या कृतींची नोंद ठेवणे हे उपलब्ध कृतींच्या नोंदीइतकेच महत्त्वाचे संशोधनकार्य आहे.
५) राष्ट्रीय संस्था, स्वतंत्र अभ्यासक आणि स्थानिक इतिहास मंडळे यांच्या सहकार्याशिवाय असे संशोधन पूर्णत्वास जात नाही.

इतिहासाच्या अध्यापनात लिखित दस्तऐवजांना जेवढे स्थान दिले जाते, तेवढे वस्तूंच्या नोंदींना दिले जात नाही. संग्रहालयातील एखाद्या वस्तूची पाटी घेऊन तिच्यावरील प्रत्येक शब्दाचा पुरावा विद्यार्थ्यांना शोधायला लावल्यास साधनचिकित्सेचे प्रत्यक्ष शिक्षण त्यांना मिळू शकेल. ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ आज सुरक्षित आहे आणि त्याची पाटी बिनचूक आहे. बॅनिस्टर यांच्या पदकप्राप्त चित्राच्या नोंदीत मात्र ठावठिकाण्याचा रकाना अजून रिकामा आहे.